उपाशी माणूस पाण्यावर नाही

वारूळवाडी,
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

प्रिय झीशान,

सलाम. तू खुशाल असशील आणि गंगेचं थंड पाणी तुला मानवलं असेल, असं धरून चालतो. इकडे मी, सिद्धी, आई, सगळे बरे आहोत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण त्यामुळे तिचं बोलणं काही कमी झालेलं नाही.

पत्र बघून तुला हसू येईल. मलाही लिहिताना येतंय. चौदा वर्षांच्या दोस्तीत आपण एकमेकांना साधी चिठ्ठी लिहिली नाही. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या सिद्धीवहिनीच्या फोनवरून लावला, तर दुसऱ्या दिवशी तोही बंद. मग कागदाशिवाय राहिलं काय? पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पार्सलचं का?" साधं पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी ड्रॉवर दोनदा उपसला आणि या वयात मी कुणाला चोरून चिठ्ठी धाडतोय, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

पत्ता अजीजचाचांकडून घेतला. जुन्नरला त्यांच्या पंक्चरच्या दुकानात गेलो तेव्हा ते ट्रकची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी दहा मिनिटं नुसता उभा. शेवटी त्यांनी हात पुसले, सोल्युशनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर पत्ता लिहिला आणि म्हणाले, "लिव. पन लिवायचं तर नीट लिव." चहा विचारला नाही. तुझ्या अब्बांच्या दुकानातून मी चहाविना परतलो असं हे पहिल्यांदाच झालं. तुझ्या लाडक्या बहिणीचा, हुदाचा, बारावीचा पहिला पेपर बरा गेला, एवढं मात्र त्यांनी मी न विचारता सांगितलं.

आता आपल्या राफ्टिंगच्या धंद्याचं. नदी सध्या कोरडीठाक आहे. घोडेगावच्या खाली आपल्या शेडसमोर गुडघाभर डबकं उरलंय, त्यात म्हशी बसतात. धरणातून शेतीसाठी पाणी सुटेल ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, असं कालव्यावरचा पाटकरी म्हणतो. तोवर बोटी शेडमध्ये पालथ्या. निळ्या मोठ्या बोटीचा तळ पुन्हा गळतोय. बोटीवरचा आपला संपत ठिगळ लावतो, पण त्याचं ठिगळ म्हणजे आज लावलं की उद्या सुटलं. चाचांच्या हाताची सर त्याला नाही. त्यांच्याकडे बोट न्यायला मात्र माझे पाय उचलत नाहीत.

पाणी नसलं तरी कंपन्या येतातच. त्यांना मार्चअखेर बजेट संपवायचं असतं. मग आम्ही जमिनीवरच त्यांचं टीम बिल्डिंग करतो. दोऱ्या ओढ, डोळे बांधून चाल, फुगे फोड. परवा चाकणचे पस्तीस जण आले होते. त्यात तो खेळ घेतला, एकानं डोळे मिटून मागे पडायचं आणि सहा जणांनी झेलायचं. विभागाच्या साहेबांची पाळी आली. साहेब टेबलावर उभे राहिले, डोळे मिटले, आणि पडेचनात! पाच मिनिटं झाली, सहा जण हात पसरून खाली उभे, साहेब वर घामाघूम. शेवटी म्हणाले, "मला बीपी आहे," आणि पायरीनं उतरले. मला तुझी इतकी आठवण आली म्हणून सांगू! असाच एक साहेब पाण्यात पडला होता आणि त्याच्या हाताखालचे सगळे वल्ही हातात घेऊन एकमेकांची तोंडं बघत बसले होते. तू बचावाच्या कयाकमधून ओरडलास, "आरं उचला राव, जो पयला उचलंल त्याचं प्रमोशन पक्कं!" तेव्हा कुठे सहाही जणांनी उड्या टाकल्या आणि मग आपल्याला सात जण काढावे लागले.

बरं, एक काम होतं. तुझ्या ऋषिकेशच्या कॅम्पच्या मॅनेजरचा मला फोन आला. तू गाइडची परीक्षा पास झालास. अभिनंदन! पण तुझ्या हातात बोट द्यायला ते कचरतात. गेल्या ऑगस्टचा अपघात तेव्हा ट्रिपला आलेल्या कंपनीच्या अहवालात तुझ्या नावावर आहे आणि तो अहवाल फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलाय. म्हणून नेमकं काय झालं ते मी लेखी कळवावं, मार्च संपायच्या आत, असं तो म्हणाला. तोवर तू काठावर हेल्मेट वाटतोस म्हणे. परीक्षेत पहिल्या तिघांत आलेला माणूस हेल्मेट वाटतोय, हे ऐकून बरं वाटलं नाही.

मी म्हटलं, लिहून देतो. देईनच. तुझ्याबद्दल वाकडं लिहायला माझा हात धजेल का? झालं ते झालं. बोट दगडावर चढली, उलटली, त्या कंपनीतल्या निघोट मॅडम खाली अडकल्या, त्यांच्यापर्यंत कयाक पोचायला वेळ लागला. पाणी आहे, त्याच्यापुढे कुणाचं चाललंय? असंच काहीतरी गोल लिहीन. तू काळजी करू नकोस.

आणि जूनमध्ये परत ये. मोठी बोट तुझीच आहे. संपतला आजही लोक विचारतात, तो हसवणारा भाऊ कुठे गेला म्हणून.

गुरुवारपासून रोजे धरशील. थंडीत पहाटे सहरीच्या जेवणाला उठवतं का तिथे? जपून राहा.

तुझा जिवलग,
जिनेश


वारूळवाडी,
मंगळवार, ३ मार्च २०२६

प्रिय झीशान,

पत्र मिळालं असेल. उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की दारातून डोकावतो. आई विचारते, कुणाच्या पत्राची वाट बघतोस? मी सांगतो, बँकेच्या.

मॅनेजरला पाठवायचं पत्र अजून लिहून झालेलं नाही. पाच वेळा बसलो. दर वेळी "दुर्दैवानं बोट उलटली" इथपर्यंत गाडी येते आणि थांबते. दुर्दैव हा शब्द खोडला तर त्या जागी काय लिहायचं, हे मला नीट ठाऊक आहे. म्हणूनच ते वाक्य पुढे जात नाही. तेव्हा आधी तुला लिहितो.

मागच्या रमजानची आठवण काढायला नको वाटते, पण तिथूनच सुरुवात करावी लागेल. तेव्हाही मार्चमध्ये धरणाचं पाणी सुटलं होतं. चांगल्या सात ट्रिपा लागल्या होत्या. पहिल्याच सकाळी मी शेडमधल्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "उपाशी माणूस पाण्यावर नाही." नाव कुणाचं लिहिलं नव्हतं. पण उपाशी होता एकटा तूच. तू म्हणालास, "भाऊ, रोजा धरून मी बारा वर्षांचा असल्यापासून नदीत पवतोय." मी म्हटलं, तुझं ठीक आहे, पण बोटीत सहा परकी माणसं असतात, दुपारी दोनला तुझा हात जड पडला तर? तू हातातलं वल्हं भिंतीला टेकवलंस. मग म्हणालास, "बराबर हाय तुजं. माझ्या रोज्यापायी दुसऱ्याचं लेकरू नको बुडाया." आणि महिनाभर तू काठावर बसून जॅकेटांची बकलं आवळलीस. चेहरा वाकडा केला नाहीस. मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटला होता. शिस्त म्हणजे शिस्त, असं मी सिद्धीला घरी येऊन सांगितलंसुद्धा.

आता ऑगस्टचं ऐक.

आमच्या पर्युषणात आई दर वर्षी तेला करते, हे तुला माहीत आहे. सलग तीन दिवस काही खायचं नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. एकवीस वर्षं तिचा तेला चुकला नव्हता. मागच्या वर्षी डॉक्टरांनी साखरेमुळे सक्त मनाई केली. बाई दोन दिवस रडली. तिला रडताना मी बाबा गेले तेव्हाच पाहिलं होतं. मग मी म्हटलं, रडू नको, तुझा तेला मी करतो. आमच्या जैन स्थानकात जाऊन महाराजसाहेबांसमोर उपासाचं पचखाण घेतलं. तोंडातून एकदा नियम निघाला की मोडायचा नाही. आई इतकी खूश झाली की तिनं माझ्या डोक्यावरून बोटं मोडली.

तिसरा दिवस शनिवारचा होता. त्याच शनिवारी त्या कंपनीची ट्रिप होती, बेचाळीस माणसं, धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलेलं. मी काठावरच थांबणार होतो, खरंच. पण सकाळी सातला संपतचा फोन आला, अंगात ताप. एक बोट बिनगाइडची राहिली.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते तूही सांगशील आणि मीही सांगू शकतो. तुला बोलवायचं आणि म्हणायचं, झीशान, मी तीन दिवसांचा उपाशी आहे, मोठी बोट तू घे, मी काठावर दोर धरतो, एक खेप कमी करू. दोन मिनिटांचं काम. पण ते माझ्या जिभेवर येईना. फळ्यावर ते वाक्य अजून होतं, पुसट झालेलं, माझ्याच अक्षरातलं. ज्याला महिनाभर बसवून ठेवलं त्याच्यासमोर जाऊन मी उपाशी आहे म्हणून सांगायचं, याची मला लाज वाटली. आणि खरं सांगू? मनात कुठेतरी असंही वाटलं की माझा उपास वेगळा आहे. आम्हाला पाणी चालतं. आम्हाला सवय असते. तुझ्या रोज्याला मी जे मोजमाप लावलं ते स्वतःच्या उपासाला लावायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या रॅपिडच्या खळाळापर्यंत काही झालं नाही. पाट्याच्या अलीकडे, त्या सपाट काळ्या दगडाच्या अलीकडे, जिथे डाव्या बाजूला उलटं वल्हं मारायला सांगायचं असतं, तिथे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. किती वेळ? दोन श्वास असतील. डोळे उघडले तेव्हा बोटीचं नाक दगडावर चढलं होतं आणि सहाही माणसं मान वळवून माझ्याकडे बघत होती. माझ्या हुकमाची वाट बघत होती रे. मी शिकवलं होतं त्यांना, गाइडनं सांगितल्याशिवाय वल्हं हलवायचं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तू पाट्याच्या खाली, ठरलेल्या जागी होतास. बोट मात्र वरच उलटली. प्रवाहाविरुद्ध कयाक चढेना तेव्हा तू ती सोडून दगडांवरून पळत आलास आणि निघोट मॅडमना बोटीखालून ओढून काढलंस. यापेक्षा लवकर कुणालाच येता आलं नसतं. मी बघितलंय.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. सिद्धीला नाही, आईला तर नाहीच. तिचा तेला माझ्या हातून असा झाला हे कळलं तर ती खचेल. आता तुला सांगितलं, माझं मन हलकं झालं. मॅनेजरला मी लिहीन की यात झीशानचा दोष नव्हता, पाण्याचा अंदाज चुकला. तेवढ्यानं तुझं काम होईल. बाकीचं आपल्या दोघांत राहू दे. तू मन मोठं करशील अशी खात्री आहे.

तुझाच,
जिनेश


वारूळवाडी,
रविवार, २२ मार्च २०२६

झीशान,

ईद मुबारक. काल चाचांकडे जाऊन आलो. चाचींनी शीरखुर्मा दिला आणि तुझी खोली दाखवली. हुदानं अभ्यासासाठी तुझी खोली बळकावलीय आणि तू आलास तरी सोडणार नाही म्हणते.

आजचं पत्र गमतीजमतीचं नाही.

आठवड्यापूर्वी शेवटी निळी बोट चाचांकडे नेली. रोज्याचे दिवस, दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. त्यांनी तळावर हात फिरवला, संपतची ठिगळं एकेक करून उपटली आणि मान वर न करता विचारलं, "लिवलंस का त्याला?" मी म्हटलं, दोनदा लिहिलं. "काय लिवलंस?" मी म्हटलं, चाचा, जे कुणालाच माहीत नाही ते लिहिलं.

तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली.

"कुनाला म्हाईत न्हाई? त्याला म्हाईत व्हतं रं. त्याच दिशी घरी येऊन म्हनला, अब्बा, जिनेश उपाशी व्हता. बोट उचलताना त्याचे हात थरथरत व्हते. मी इचारलं त्याला, खाल्लंस का? तर म्हनला, घरून खाऊन आलोय."

तू विचारलं होतंस. मागच्या पत्रात एवढं सगळं लिहिलं आणि नेमकं हेच गाळलं. मन हलकं झालं म्हणून वर तुला लिहिलंही. त्या सकाळी पोह्यांची प्लेट हातात घेऊन तू माझ्यासमोर उभा होतास, "खाल्लंस का रं?" म्हणालास, आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललो.

"मग बोलला का नाही तो?" मी चाचांना विचारलं. "कंपनीच्या चौकशीच्या मीटिंगला सगळे होते. एका शब्दानं सुटला असता."

"म्या बी त्येच म्हनलं. तर म्हनतो, रोजा म्हना, उपास म्हना, ज्याचा त्यानं सांगायचा असतो. दुसऱ्याचा उपास मी चारचौघांत कसा फोडू? त्यो सांगंल, म्हनला. दोन-चार दिवस वाट बगितली त्यानं. मग तुजा त्यो फुलांचा मेसेज आला मोबाइलवर, तवा उठला आन् बॅग भरली."

तो मेसेज. आमच्या संवत्सरीला, क्षमा मागायच्या दिवशी, सकाळी साडेसहाला मी तीनशे जणांना एकदम पाठवला होता. जोडलेले हात, कमळ, वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असल्यास वगैरे. दुधवाल्याला गेला, गॅस एजन्सीला गेला, तुलाही गेला. ते शब्द मी असे उधळून बसलोय की आता तुझ्यासाठी शिल्लक नाहीत. म्हणून साध्या मराठीत लिहितो.

मीटिंगमध्ये त्यांच्या एचआरच्या बाईंनी विचारलं, "मदत उशिरा का पोचली?" मी म्हणालो, "कयाकमध्ये झीशान होता. त्याला विचारा." त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि ते मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात मोठं खोटं होतं. तू माझ्याकडे पाहत राहिलास. मला वाटलं रागानं पाहतोस. आता कळलं, तू मला बोलायला वेळ देत होतास. मग त्यांनी अहवालात लिहिलं, सेफ्टी कयाकवाल्याचा हलगर्जीपणा, आणि खाली मी सही केली. तुझ्या नावाखाली. तेव्हा माझं पोट भरलेलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी नव्हती. त्या सहीला कोणतीच सबब नाही.

चाचांचं ऐकून घरी गेलो नाही. आधी अवसरी बुद्रुकला निघोट मॅडमकडे गेलो. अंगणात त्या डाव्या हातानं कपडे वाळत घालत होत्या. उजवा अजून खांद्याच्या वर जात नाही. मी सगळं सांगितलं, तेला, अंधारी, सही. त्या ऐकत होत्या आणि चिमटे लावत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बोट तुमी चालवत व्हता, एवढं मला ठावं हाय. पन मला ज्यानं वडून काढलं त्यो भाऊ कुटं हाय? मी दवाखान्यातनं सुटल्यावर इचारलं त्याला भेटायचं म्हनून, तर हाफिसात म्हनले, त्याचीच चूक व्हती, त्याला कशाला भेटताय. सात म्हयने मी त्याला मनात शिव्या देतीय. सात म्हयने! ज्यानं जीव वाचवला त्याला."

मग त्यांना रडू आलं. मलाही आलं. त्यांच्या सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या.

मी उठलो तेव्हा त्यांनी थांबवलं. "मला सांगितलंत, बरं केलंत. पन हे तितं सांगा, जितं सही केलीत."

तिथे सांगितलं. सोमवारी चाकणला जाऊन त्याच एचआरच्या बाईंच्या हातात लेखी दिलं, पोच घेतली. कंपनी आमच्याकडे पुन्हा येणार नाही हे त्यांनी तिथेच सांगितलं, आणि शेजारच्या दोन कंपन्यांनीही जूनची ट्रिप रद्द केली. अहवालातलं तुझं नाव काढून माझं घातलंय, त्याची नक्कल सोबत आहे. बुधवारी शेडवर संपत आणि बाकी पोरांना गोळा करून सांगितलं. संपत माझ्याशी अजून बोलत नाही. "माझं तापानं अंग भाजत होतं, पण तू सांगितलं असतंस तर काठावर दोर धरायला तरी आलो असतो," एवढंच म्हणाला.

आईला सांगणं सगळ्यात अवघड वाटत होतं. ती माळ जपत बसलेली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेला मी तुझ्यावर टाकायला नको होता. पण जिनेश, पोट रिकामं ठेवणं कुणालाही जमतं रे. त्या पोराला गावातून जाऊ दिलंस आणि माझ्यासमोर बसून पारणं केलंस?" त्या दिवसापासून ती रोज विचारते, झीशानचं काही कळलं का? माझ्या तब्येतीचं विचारत नाही.

यंदाचा हंगाम मी बोटीत बसणार नाही. कुणी तसं सांगितलेलं नाही, मीच ठरवलंय. ट्रिपा लागतील तेवढ्या संपत आणि पोरं करतील, मी काठावर जॅकेटांची बकलं आवळीन. तीस दिवस तू ते कसं केलंस, ते कळू दे जरा.

मॅनेजरला लिहिलेलं पत्र परवा स्पीड पोस्टनं गेलं. ईमेलही केलाय, म्हणजे मार्च संपायच्या आत पोचेल. नक्कल जोडली आहे, वाचून बघ. काही राहिलं असेल तर सांग, पुन्हा लिहीन.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की जूनमध्ये ये, मोठी बोट तुझीच आहे. ते मागे घेतो. तुझं नाव काळं केलं आणि वर तुलाच बोट देऊ करतो, म्हणजे मीच मोठा! तिकडे बोट हातात आली तर तीच चालव. गंगा मोठी नदी आहे, तुझ्यासारख्या गाइडला ती शोभते. आणि मागच्या पत्रात, हे दोघांत राहू दे, असं लिहिलं होतं, तेही मागे घेतो. ज्याला सांगायचं असेल त्याला सांग. माझा उपास आता मी फोडलाय.

"उत्तर दे किंवा नको देऊस, मला चालेल," असं लिहून हात थांबवणार होतो. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. खोडलेलं वर दिसतही असेल. नाही चालणार रे. तुझं उत्तर मला हवंय. शिव्या असल्या तरी चालतील, एकच ओळ असली तरी चालेल, चाचांच्या हाती निरोप आला तरी चालेल.

ज्याच्या हातून बोट उलटली,
तो जिनेश